विश्लेषण : परदेशी व्यवस्थापक, स्थानिक कामगार… कामातली खुबी एकमेकांना कधी सांगितली जाते?

चाकण, तळेगाव, रांजणगावच्या कारखान्यांत जर्मन, कोरियन, जपानी व्यवस्थापकांच्या हाताखाली मराठवाडा, विदर्भ, बिहार, ओडिशातून आलेले तरुण काम करतात. एका शिफ्टमध्ये तीन-चार भाषा सहज कानावर पडतात. यंत्राचा आवाज जरासा बदलला की नेमके काय बिघडले, हे मॅन्युअलमध्ये लिहिलेले नसते. ते चार वर्षे त्या यंत्रापाशी उभ्या राहिलेल्या ऑपरेटरला ठाऊक असते. तो ते शेजारच्याला सांगतो का? कंपन्या त्यासाठी पोर्टल काढतात, कार्यशाळा घेतात, ‘डायव्हर्सिटी डे’ साजरा करतात. मात्र, या प्रश्नाचे सर्वाधिक अभ्यासलेले उत्तर ४० वर्षांपूर्वी कॅलिफोर्नियातील एका मोटार कारखान्यात मिळाले होते.

काय होता ‘नुम्मी’ प्रयोग?

जनरल मोटर्सचा (जीएम) फ्रीमाँट येथील कारखाना १९८२ मध्ये बंद पडला. संप, गैरहजेरी आणि सदोष गाड्या यांसाठी तो कुप्रसिद्ध होता. १९८४ मध्ये जीएम आणि टोयोटा यांनी संयुक्त कंपनी काढून तोच कारखाना पुन्हा सुरू केला. त्या कंपनीचे लघुनाम ‘नुम्मी’. विशेष म्हणजे कामगार बहुतांश जुनेच होते आणि त्यांची संघटनाही तीच होती. बदलले ते व्यवस्थापन. शेकडो कामगार आणि गटप्रमुखांना टोयोटाच्या जपानमधील कारखान्यात पाठवण्यात आले. तिथे व्याख्याने कमी आणि जपानी कामगाराशेजारी उभे राहून प्रत्यक्ष काम जास्त, असा प्रकार होता. दोघांची भाषा वेगळी. पण बोल्ट कसा पकडायचा हे दाखवायला भाषा फारशी लागत नाही.

टोयोटाने जपानमध्ये नेमलेले अमेरिकी व्यवस्थापक जॉन शुक या प्रशिक्षणात सहभागी होते. त्यांनी नंतर लिहिल्यानुसार, पूर्वी २० टक्क्यांवर असलेली गैरहजेरी २ टक्क्यांपर्यंत खाली आली आणि गाड्यांचा दर्जा सुधारला.

दोरी ओढली की काय व्हायचे?

टोयोटाच्या पद्धतीत प्रत्येक कामगाराच्या हाताशी ‘अँडॉन’ नावाची दोरी असते. अडचण आली की ती ओढायची. दिवा लागतो, गटप्रमुख धावत येतो आणि गाडी त्या टप्प्यावरून पुढे सरकेपर्यंत अडचण सुटली नाही, तर अख्खी उत्पादनसाखळी थांबते. जुन्या फ्रीमाँटमध्ये साखळी थांबवणे म्हणजे नोकरीवर बेतणारा प्रकार. त्यामुळे चूक दिसली तरी गाडी तशीच पुढे जाई. ‘नुम्मी’त दोरी ओढणाऱ्याला विचारले जाई, की अडचण कुठे आली? म्हणजे ‘मला हे जमले नाही’ असे म्हणणे हीच माहिती ठरली. ती एकाकडून सगळ्यांकडे जाऊ लागली.

हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांना १९९० च्या दशकात रुग्णालयांत असाच अनुभव आला. चांगल्या समजल्या जाणाऱ्या परिचारिकांच्या गटांत औषधांच्या चुकांची नोंद जास्त दिसत होती. त्या गटांत चुका सांगायला कोणी घाबरत नव्हते, हे त्याचे संभाव्य कारण त्यांच्या लक्षात आले. ‘मानसिक सुरक्षितता’ या संकल्पनेवरील त्यांचा शोधनिबंध १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला.

नोकरी जाण्याची भीती असेल तर?

खरी मेख इथे आहे. आपल्याकडची खुबी दुसऱ्याला दिली आणि उद्या तोच आपल्या जागी उभा राहिला तर? ‘नुम्मी’त संघटनेबरोबरच्या करारातच याचे उत्तर होते. कामगार कमी करण्याआधी व्यवस्थापकांचे पगार कापायचे आणि बाहेर दिलेले काम परत आत आणायचे, असे त्यात नमूद होते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस गाड्यांची मागणी घसरली तेव्हा कामगारांना घरी पाठवले गेले नाही. त्यांना प्रशिक्षण आणि सुधारणेच्या कामाला लावले गेले. सूचना केल्याने आपलेच काम जात नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले.

आपल्याकडे हा मुद्दा जास्त बोचतो. २०२२-२३ च्या वार्षिक उद्योग पाहणीनुसार देशातील संघटित कारखान्यांमधील कामगारांत कंत्राटी कामगारांचे प्रमाण ४० टक्क्यांहून अधिक आहे. काही महिन्यांत गेटपास संपणारा मुलगा हाताखालच्या नवख्याला काय आणि कशासाठी शिकवेल? भाषावर्गांचा खर्च करण्याआधी हा प्रश्न विचारला जायला हवा.

कार्यालयांतही असेच घडते. मायक्रोसॉफ्टमध्ये सहकाऱ्यांना एकमेकांच्या तुलनेत क्रमवारीत बसवणारी मूल्यांकनाची पद्धत होती. सहकाऱ्याला मदत करणे म्हणजे स्वतःचा क्रमांक घसरवणे, अशी तिच्यावर टीका होत होती. कंपनीने २०१३ मध्ये ती बंद केली.

मग भाषेचे काय?

भाषा गौण नाही. जपानच्या राकुतेन कंपनीने २०१० मध्ये कामकाजाची भाषा इंग्रजी करण्याचा निर्णय घेतला आणि त्यासाठी दोन वर्षांची मुदत दिली. त्सेदाल नीली यांनी या बदलाचा दीर्घ अभ्यास केला. त्यात दिसले, की स्वतःच्याच देशात इंग्रजी शिकावी लागलेल्या जपानी कर्मचाऱ्यांना आपले वजन कमी झाल्यासारखे वाटले. अमेरिकी कर्मचारी आधी खूश होते. पण इंग्रजीबरोबर जपानी कार्यपद्धतीही आली, तेव्हा तेही बिचकले. ब्राझील, फ्रान्स, थायलंडसारख्या देशांतील कर्मचाऱ्यांना मात्र भाषा आणि पद्धत दोन्ही परकी होती. त्यांनी बदल तुलनेने सहज पचवला. बैठकीत गप्प बसणाऱ्याला माहिती नसते असे नाही, अनेकदा त्याच्याकडे फक्त वाक्य तयार नसते.

जीएमला हे का जमले नाही?

‘नुम्मी’त तयार झालेले जीएमचे व्यवस्थापक इतर कारखान्यांत विखुरले गेले. तिथे दोरी बसवणे सोपे होते. पण ती ओढल्यावर धावून येणारा गटप्रमुख, सदोष सुटा भाग परत घेणारा पुरवठादार आणि नोकरीची हमी या गोष्टी सोबत गेल्या नाहीत. २००९ मध्ये दिवाळखोरीत निघालेली जीएम भागीदारीतून बाहेर पडली. २०१० मध्ये ‘नुम्मी’ बंद झाली आणि कारखाना टेस्लाकडे गेला. जीएमच्याच तळेगाव प्रकल्पातील उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये थांबले. ह्युंदाईने तो जानेवारी २०२४ मध्ये ताब्यात घेतला. या करारात जमीन, इमारती आणि काही यंत्रसामग्री यांचा समावेश होता.