पिल्लाची लंगड आणि आपली प्रवाळपिष्टी

अलीकडे आपल्या चिकित्सालयांत एक नवा रुग्ण येऊ लागला आहे. तो बोलत नाही, स्वतःचे दुखणे सांगत नाही, आणि तपासायला गेल्यास हात चाटतो. ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड, मॅस्टिफ अशा महाकाय जातींचे ते तीन-चार महिन्यांचे पिल्लू असते. त्याला घेऊन येणारे गृहस्थ बहुधा आपल्याच जुन्या रुग्णांपैकी असतात. त्यांचे म्हणणेही ठरलेले असते : "वैद्यराज, चार दिवस हा पुढच्या पायाने लंगडतो आहे. हाडे कच्ची राहिली असावीत. आमच्या नातवाला दिली होती तशी एखादी पूड द्या." आणि आपला हात प्रवाळपिष्टीच्या बरणीकडे जातो. हा हात थांबावा, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच आहे.

प्रथम आमचीच चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी असेच एक साडेचार महिन्यांचे ग्रेट डेन पिल्लू आमच्यापुढे आले. आम्ही पाय दाबून पाहिला, सूज दिसली नाही. 'अस्थिगत वात' असा तर्क करून प्रवाळपिष्टी आणि लाक्षादि गुग्गुळ लिहून दिला. आठवडाभरात लंगड कमी झाली आणि मालक प्रसन्न झाले. पिल्लू पुन्हा जिन्यावरून उड्या मारू लागले. दीड महिन्याने ते पाय टेकेनासे झाले, तेव्हा पशुवैद्यांकडे नेऊन क्ष-किरण चित्र काढण्यात आले. खांद्याच्या सांध्यातील तरुणास्थीचा एक पापुद्रा सुटून लोंबत होता, शस्त्रकर्म करावे लागले. तो विकार आमच्या पिष्टीने निर्माण झाला, असे म्हणता येणार नाही. त्याची बीजे वंशात आणि आधीच्या खाण्यात होती. पण वेदना शमवून निदान दीड महिना लांबवले आणि त्या काळात पिल्लाला धावू दिले, हा दोष निःसंशय आमचा होता. पशुवैद्यांनी आम्हांस दूरध्वनी करून एकच प्रश्न विचारला : "हे सर्व देण्यापूर्वी पिल्लू काय खाते, हे आपण विचारले होते का?" आम्ही विचारले नव्हते. आहाराची चौकशी न करता औषध देणाऱ्या वैद्यास याहून मोठी चपराक कोणती असू शकते?

त्या प्रश्नाचे महत्त्व कळण्यासाठी या प्राण्याची वाढ समजून घेतली पाहिजे. मानवाचे मूल पहिल्या वर्षात जन्मवजनाच्या साधारण तिप्पट होते. ग्रेट डेनचे पिल्लू जन्मतः अर्ध्या किलोच्या आसपास असते आणि वर्षभरात पन्नास किलोंच्या घरात पोचते. म्हणजे शंभरपट वाढ. सुश्रुताचार्यांनी अस्थींचे जे पाच प्रकार सांगितले, त्यांतील 'तरुण' हा प्रकार येथे ध्यानात घ्यावा. नलकास्थींच्या टोकांशी आणि सांध्यांत असलेली ही तरुणास्थी क्रमाक्रमाने दृढ अस्थीत परिणत व्हायची असते. ही परिणती होण्यापूर्वीच तिच्यावर देहाचा भार वाढत गेला, तर ती फाटते, वाकते, सुटते. मग पिल्लू लंगडते. तेव्हा लंगडणाऱ्या पिल्लाचे हाड उपाशी आहे असे नव्हे. पुष्कळदा ते घाईला आलेले असते.

या विषयावर पाश्चात्त्य पशुवैद्यकात चांगले काम झाले आहे, आणि ते नेमके ग्रेट डेन पिल्लांवरच झाले आहे. अमेरिकेतील कॉर्नेल येथील हेडहॅमर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली असे दाखवले की, पोटभर हवे तितके खाऊ घातलेल्या पिल्लांत अस्थिविकार अधिक झाले, तर मोजून खाऊ घातलेल्यांत ते कमी राहिले. नेदरलँड्समधील उट्रेख्ट येथे हेझविंकेल यांनी १९८५ साली अशाच पिल्लांना एरवी संतुलित आहारातून तिपटीच्या सुमारास कॅल्शियम दिला, तेव्हा हाडे बळकट होण्याऐवजी त्यांची घडण बिघडली. कारणही स्पष्ट झाले. सहा महिन्यांच्या आतील पिल्लाच्या आतड्यास नको असलेला कॅल्शियम नाकारण्याची पुरती क्षमता नसते. जितका अधिक द्यावा, तितका अधिक रक्तात जातो. मग कॅल्सिटोनिन हे संप्रेरक वाढते, पॅराथायरॉइड ग्रंथीचे कार्य मंदावते, हाड झिजवून नव्याने घडवण्याची नैसर्गिक क्रिया थंडावते, आणि तरुणास्थीचा परिपाक लांबतो. त्याच उट्रेख्टमध्ये १९९१ साली नॅप यांनी प्रथिनांचे प्रमाण बदलून पाहिले. अस्थिविकारांचा दोष प्रथिनांकडे जात नाही असे आढळले. म्हणून 'अंडी-मांस बंद करा, उष्ण पडते' हा आपला नेहमीचा सल्लाही येथे नेमका लागू पडत नाही. अपराधी दोन आहेत : अति ऊर्जा आणि अति कॅल्शियम.

आता थोडा हिशेब मांडू. अमेरिकेतील खाद्यनियामकांच्या संघटनेने मोठ्या जातींच्या वाढत्या पिल्लांसाठी दर १००० किलोकॅलरी आहारामागे कॅल्शियमची किमान मर्यादा ३ ग्रॅम व कमाल मर्यादा ४.५ ग्रॅम ठरवली आहे. पंचवीस किलो वजनाच्या चार महिन्यांच्या पिल्लाला दिवसाला सुमारे २००० किलोकॅलरी लागतात असे धरले, तर त्याची कक्षा ६ ते ९ ग्रॅम होते. पिल्लांसाठीच्या तयार खाद्यातून यांपैकी ७-८ ग्रॅम मिळून जातात. त्यावर प्रेमापोटी अर्धा लिटर म्हशीचे दूध पाजले की सुमारे १ ग्रॅम वाढला. अंड्याच्या टरफलाची पूड दोन चमचे घातली की आणखी सुमारे ४ ग्रॅम. म्हणजे आपल्याकडे येण्यापूर्वीच ते पिल्लू कमाल मर्यादा ओलांडून गेलेले असते. प्रवाळ, मुक्ताशुक्ती, शंख, कपर्दिका ही आपली सुधावर्गातील द्रव्ये मुख्यतः कॅल्शियमचीच. शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटात वजनाच्या ४० टक्के कॅल्शियम असतो. आपली मात्रा लहान असेल, पण ती भरलेल्या घड्यात ओतलेली असते.

येथे कोणी वैद्यबंधू म्हणतील, हे पाश्चात्त्यांचे झाले, आपले शास्त्र काय सांगते? आमच्या मते आपले शास्त्र हेच सांगते. आपण ते अर्धेच वाचतो. अष्टांगहृदयाच्या दोषादिविज्ञानीय अध्यायात अस्थी आणि वात यांचा आश्रयाश्रयी संबंध इतर धातूंहून उलटा सांगितला आहे. अस्थिक्षयाने वात वाढतो, हे आपल्या मनात इतके ठसले आहे की लंगड दिसली की वात, वात म्हणजे अस्थिक्षय, आणि अस्थिक्षय म्हणजे बृंहण, अशी साखळी आपोआप जुळते. परंतु हेतुपरीक्षण केल्यावाचून ही साखळी जुळवण्याची अनुज्ञा कोणी दिली? चरकाचार्यांनी सूत्रस्थानात संतर्पणजन्य व्याधींचा स्वतंत्र अध्याय लिहिला. अष्टौनिंदितीय अध्यायात अतिस्थूलाचे वर्णन करताना, मेदच पोसला जातो आणि इतर धातू तसे पोसले जात नाहीत, असा विचार मांडला. त्यांनी मनुष्याविषयी लिहिले, श्वानाविषयी नव्हे. तथापि धातूंच्या विषम पोषणाचा हा विचार डोळ्यांपुढे ठेवला, तर गुबगुबीत पिल्लाचा मालक ज्याला 'छान बाळसे' म्हणतो, ते आपल्याला वेगळे दिसू लागेल. मात्राशितीय हा शब्द केवळ मनुष्याच्या ताटापुरता नाही.

दुसरा आक्षेप असा येईल की, हस्ती आणि अश्व यांची चिकित्सा आपल्या परंपरेत आहेच, मग श्वानाची का नको? हा आक्षेप उलट आमच्याच बाजूचा आहे. पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद स्वतंत्र का लिहिला गेला? शालिहोत्राची परंपरा वेगळी का उभी राहिली? मनुष्याची मात्रा वजनाच्या पटीत वाढवून हत्तीला दिली की काम भागते, असे आपल्या पूर्वसूरींना वाटले असते, तर त्या ग्रंथांची गरजच नव्हती. प्रत्येक जातीचा देह, आहार, रोग आणि औषधांचे सात्म्य निराळे, हे त्यांनी ओळखले. श्वानाचा तसा ग्रंथ आपल्या अभ्यासक्रमात नाही. म्हणजे आपण त्या ज्ञानावाचून बरणी उघडत आहोत.

हे केवळ तात्त्विक नाही. वातविकारावर आपण सहज लशुनक्षीरपाक सुचवतो. लसूण आणि कांदा श्वानाच्या रक्तातील लाल पेशी फोडतात. बलवर्धनासाठी च्यवनप्राश किंवा द्राक्षासव सुचवतो; द्राक्षे व मनुका यांनी श्वानाची वृक्के निकामी होऊ शकतात, आणि आसवातील मद्यांश वेगळाच. काही पिल्लांना ज्वरासह मनगटाच्या वर सूज येऊन उभेही राहवत नाही. त्या विकारावर एके काळी क जीवनसत्त्व देत असत, म्हणून आपल्यापैकी काहींना आमलकीचा मोह होतो. परंतु श्वानाचे यकृत ते जीवनसत्त्व स्वतःच निर्माण करते, आणि ते देण्याचा उपयोग होत नाही असे दिसून आल्याने ती प्रथा मागे पडली. मालक घरातील वेदनाशामक गोळी किंवा ड जीवनसत्त्वाची साठ हजार एककांची पुडी देऊ पाहतात, तेव्हाही त्यांना कठोरपणे थांबवणे आपले कर्तव्य आहे.

अर्थात कॅल्शियम हा शत्रू नव्हे. तयार खाद्य न परवडणारी किंवा न रुचणारी घरे पिल्लाला नुसता चिकन-भात, अथवा पोळी-दूध वा वरणभात देतात. हाडाविना मांसात फॉस्फरस पुष्कळ आणि कॅल्शियम अत्यल्प असतो. अशा पिल्लाचे शरीर स्वतःच्याच अस्थीतून कॅल्शियम काढू लागते. हाडे वाकतात, किरकोळ उडीनेही मोडतात. तेथे कॅल्शियम द्यावाच लागतो, परंतु तो पशुवैद्याने आहार मोजून, वजन पाहून ठरवायचा. एकच लक्षण, दोन परस्परविरुद्ध कारणे, आणि दोहोंवर एकच पूड, याला चिकित्सा म्हणता येणार नाही.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ यातील कलम ३० अन्वये पशुवैद्यकीय व्यवसाय हा नोंदणीकृत पशुवैद्याचा अधिकार आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यातील आयुर्वेदीय औषधाच्या व्याख्येत प्राण्यांचा उल्लेख आहे, हे खरे. पण औषध प्राण्यासाठी असू शकते याचा अर्थ ते कोणीही लिहून द्यावे असा होत नाही. आपल्या क्षेत्रात अनधिकृत व्यक्तींनी घुसखोरी केली की आपण निवेदने देतो. तोच न्याय आपल्यालाही लागू करावा लागेल.

मग दारात आलेल्या त्या गृहस्थांना काय सांगावे? आमच्या मते पुष्कळ सांगता येते, आणि त्यात आपले शास्त्र उणे पडत नाही. औषध न देता पिल्लाला आधी पशुवैद्यांकडे पाठवावे. ज्वर असेल, सूज असेल, पाय टेकतच नसेल, तर त्याच दिवशी. काही पिल्लांत लंगड एका पायावरून दुसऱ्यावर फिरते आणि काही महिन्यांत आपोआप शमते. काहींत खांदा, कोपर वा खुबा सदोष असतो. हा भेद स्पर्शाने पुरता कळत नाही, क्ष-किरण चित्राने कळतो. तोवर जिना, उड्या आणि गुळगुळीत फरशी वर्ज्य करावी. पट्ट्याला धरून मातीवर वा गवतावर थोडे चालवावे. आहार मोजून, तीन-चार वेळांत विभागून द्यावा. भांडे दिवसभर भरलेले ठेवू नये. दर आठवड्यास वजन करून लिहून ठेवावे. हलक्या हाताने चाचपल्यास बरगड्या लागाव्यात आणि वरून पाहता कंबर दिसावी, एवढे कृश पिल्लू हेच सुस्थित पिल्लू, हे मालकाच्या गळी उतरवावे. मोजून खाल्ल्याने उंची खुंटत नाही. ती अनुवंशाने ठरते, फक्त थोड्या सावकाशीने गाठली जाते. याचे फळ दूरवर मिळते. २००२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या, अठ्ठेचाळीस लॅब्रॅडोर श्वानांवरील आजन्म अभ्यासात, जोडीदाराहून पंचवीस टक्के कमी आहार दिलेल्या श्वानांचे मध्यमान आयुष्य तेरा वर्षे भरले आणि इतरांचे अकरा वर्षे दोन-अडीच महिने. कमी खाणाऱ्यांचे सांधेही अधिक काळ निरोगी राहिले.

आपल्या संघटनेस आमची एक विनंती आहे. येत्या अधिवेशनात एखाद्या पशुवैद्यांचे व्याख्यान ठेवावे आणि प्राण्यांसाठी मागितल्या जाणाऱ्या औषधांबाबत सभासदांना मार्गदर्शक सूचना द्याव्यात. यात आपला मान कमी होत नाही. 'हे माझे क्षेत्र नव्हे' असे योग्य वेळी सांगणारा वैद्य रुग्णाच्या विश्वासाला अधिक पात्र ठरतो.

ते ग्रेट डेन पिल्लू पुढे चालू लागले. मालक आजही आमच्याकडे येतात, परंतु त्याच्यासाठी औषध मागत नाहीत. आता आम्हीच प्रथम विचारतो, तो काय खातो आणि किती.