परीक्षेआधीचा एक दिवस

माझी भाची लंडनला शिकते. गेल्या मे महिन्यात तिचा घरच्या सगळ्यांना फोनवर एक लांबलचक निरोप आला. पेपर चार दिवसांवर आला होता. तिने लिहिलं होतं, "आज वह्या-पुस्तकं बंद केली आणि दिवसभर एकटी भटकले. नॅशनल गॅलरीत गेले, तिथे तिकीट नाही. वॉटर्लू पुलाखाली जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो, तिथे तासभर पुस्तकं चाळली, विकत एकही घेतलं नाही. नदीकाठच्या बाकावर बसून घरून नेलेला डबा खाल्ला. मध्येच पाऊस आला, भिजले. संध्याकाळी बसच्या वरच्या मजल्यावर पुढची सीट मिळाली. किती महिन्यांनी डोकं शांत झालंय!"

त्यावर तिच्या आईचं, म्हणजे माझ्या बहिणीचं उत्तर आलं, "कर्ज काढून पाठवलंय ते फिरायला नाही." काकांनी लिहिलं, "एकटीने कशाला जायचं?" आजीने विचारलं, "पेपरचा अभ्यास झाला का?" आणि मैत्रिणींनो, पंचवीस वर्षं चळवळीत काढलेल्या मावशीने, म्हणजे मी, लिहिलं, "छान! पण आता परीक्षा होईपर्यंत पुरे."

दोन वर्षांपूर्वी याच घरातला भाचा जर्मनीला होता. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात तो मित्रांबरोबर डोंगर चढायला गेला होता. त्याचे फोटो पाहून सगळ्यांनी कौतुक केलं होतं. "डोकं ताजं राहतं," असं याच काकांनी म्हटलं होतं. कर्ज त्याच्यासाठीही काढलंच होतं.

माझं उत्तर पाठवून झाल्यावर मला स्वस्थ बसवेना, कारण हे वाक्य मी आधीही एकदा म्हटलं होतं. ते माहुलला.

माहुल चेंबूरच्या पलीकडे, खाडीच्या काठाला आहे. मूळचं कोळी-आगरी वस्तीचं गाव. १९५० च्या दशकात शेजारी तेलशुद्धीकरणाचे कारखाने आले, पुढे खताचा कारखाना आला, तेलाच्या टाक्या आल्या. रस्त्याला टँकरच्या रांगा लागू लागल्या. त्याच भागात प्रकल्पग्रस्तांसाठी सात-सात मजली इमारतींची मोठी वसाहत उभी राहिली. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१५ मध्ये माहुल-आंबापाडा भागातल्या हवेपासून रहिवाशांच्या आरोग्याला धोका असल्याचं मान्य केलं. तरीही २०१७ साली तानसा जलवाहिनीलगतची घरं पाडल्यावर विद्याविहार, घाटकोपर भागातल्या कुटुंबांना महापालिकेने तिथेच पाठवलं. पुढचा लढा तुमच्यापैकी अनेकींना ठाऊक आहे. ऑक्टोबर २०१८ पासून माहुलच्या बायका विद्याविहारच्या फुटपाथवर मुलाबाळांसकट ठाण मांडून बसल्या होत्या. सप्टेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने या कुटुंबांना माहुलला राहण्याची सक्ती करता येणार नाही असं सांगितलं आणि दुसरीकडे घर मिळेपर्यंत महिना १५,००० रुपये भाडं देण्याचा आदेश दिला.

त्या काळात आम्ही काही जणी तिथे बारावीच्या मुलींचा अभ्यासवर्ग घेत होतो. सहा मुली यायच्या. त्यांच्या शाळा-कॉलेजं जुन्या घराजवळ राहिली होती. पूर्वी ज्या चालत जायच्या, त्यांना आता आधी बस, मग ट्रेन असं करावं लागत होतं. पहाटे पाण्याची भांडी भरायची, धाकट्यांचं आवरायचं, मग बस पकडायची. घरात कुणाला तरी खोकला, कुणाला खाज, आई दवाखान्याच्या रांगेत. अशातच त्या अकाउंटन्सीची गणितं सोडवत होत्या.

जानेवारी २०१९ मध्ये, परीक्षेला महिनाभर असताना, त्यांच्यातली एक म्हणाली, "ताई, एक दिवस गेटवेला जाऊ या का? नुसतं फिरून येऊ." बाकीच्या पाचजणींनी लगेच तिची री ओढली. सहाजणींपैकी चौघींनी गेटवे पाहिलेलं नव्हतं. जन्म मुंबईतला, आणि चेंबूरहून सीएसएमटीला थेट गाडी जाते!

आम्ही म्हणालो, "परीक्षा होऊ दे, मग जाऊ."

आम्ही असं का म्हणालो याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. अभ्यास बुडेल, हे तर होतंच. त्याहून मोठी भीती आयांची होती. अभ्यासाला म्हणून मुलींना पाठवणाऱ्या आया, आपण त्यांना फिरायला नेलं तर पुन्हा पाठवतील का? वाटेत कुणाला काही झालं तर? आणि सगळ्यात आतली गोष्ट सांगायची तर, घर तुटलेल्या मुलींना घेऊन समुद्रावर भेळ खायला जाणं हे आम्हालाच 'काम' वाटत नव्हतं. अहवालात ते कुठे लिहिणार?

परीक्षा झाली. सहाजणी बसल्या, चौघी पास झाल्या. हे आम्ही अहवालात लिहिलं. मे महिन्यात एकीचं लग्न ठरलं. एक कपड्यांच्या कारखान्यात धागे कापायच्या कामाला लागली. एकीचं कुटुंब भाड्याच्या खोलीसाठी शहराबाहेर गेलं. आमचं गेटवे राहूनच गेलं.

मागच्या वर्षी त्यांतलीच एक चेंबूर स्टेशनच्या पुलावर भेटली. कडेवर मुलगी होती. हसत म्हणाली, "ताई, तुम्ही गेटवे दाखवणार होता!" मी विचारलं, "अजून नाही पाहिलंस?" ती म्हणाली, "कशाला निघणार? तिकडे काही काम तर पाहिजे ना!"

'तिकडे काही काम तर पाहिजे ना' या वाक्यापाशी आपण जरा थांबू या. बाईने घराबाहेर पडायचं तर कारण हवं, हे आपल्याला इतकं अंगवळणी पडलंय की ते जाचक आहे हेही जाणवत नाही. शाळा, दवाखाना, रेशन, नोकरी, देऊळ, सासर-माहेर ही कारणं चालतात. 'सहज' हे कारण चालत नाही. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईतल्या बायकांच्या वावराचा अभ्यास करून २०११ मध्ये 'व्हाय लॉयटर?' हे पुस्तक लिहिलं. त्यांनी नेमकं यावरच बोट ठेवलं आहे. बाई रस्त्यावर दिसते तेव्हा ती कुठून तरी कुठे तरी जात असते. पुरुषासारखी ती नाक्यावर नुसती उभी नसते.

आपल्या शिकलेल्या बायकांचा इतिहासही या अटीतून सुटलेला नाही. आनंदीबाई जोशी १८८३ साली डॉक्टरकी शिकायला अमेरिकेला निघाल्या. त्याआधी फेब्रुवारीत बंगालमधल्या श्रीरामपूरला भर सभेत उभं राहून आपण का जातो याचा खुलासा अठराव्या वर्षाच्या आतल्या त्या मुलीला करावा लागला. त्याच सालात बोटीने परदेशी जाणाऱ्या एखाद्या तरुणाला असा जाहीर जबाब द्यावा लागला असता का? नवऱ्याच्या घरी नांदायला नकार देऊन खटला लढलेल्या रखमाबाई १८८९ मध्ये लंडनला वैद्यकी शिकायला गेल्या आणि १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या. या दोघींबद्दल बोलताना आपण त्यांचे कष्ट सांगतो. थंडी, आजारपण, जेवणाचे हाल, लोकांची टीका. ते सांगायलाच हवं. पण फिलाडेल्फियात किंवा लंडनमध्ये एखाद्या दुपारी पुस्तक मिटून त्या सहज चालत गेल्या असतील, दुकानांच्या काचांतून पाहत हसल्या असतील, असं आपल्या मनातही येत नाही. मुलीचं शिक्षण म्हटलं की आपल्याला तपश्चर्याच दिसते. आधी उपास, मग वर. ज्या पिढीला दारच उघडायचं होतं तिला ही किंमत मोजणं भाग होतं. पण दार उघडल्यावरही आपण तीच किंमत का वसूल करतो आहोत?

'काम असेल तर सुरक्षित' हा समजही खोटा आहे. ऑगस्ट २०१३ मध्ये शक्ती मिलच्या आवारात जिच्यावर अत्याचार झाला ती तरुण छायाचित्र-पत्रकार कामावरच होती, आणि सोबत पुरुष सहकारी होता. तरी त्यानंतर अनेक घरांत मुलींच्याच वेळा आवळल्या गेल्या.

कुणी म्हणेल, लंडनचं काय सांगता, तिथे सगळं आलबेल असतं. तसं नाही. मार्च २०२१ मध्ये रात्री पायी घरी निघालेल्या एका तरुणीला तिथल्या नोकरीत असलेल्या पोलिसानेच पळवून नेऊन मारलं. बाईने घरात बसावं हा सल्लाही तिथे नवा नाही. १९७७ साली उत्तर इंग्लंडमध्ये बायकांचे खून पडत होते तेव्हा पोलिसांनी बायकांनाच रात्री बाहेर पडू नका म्हणून सांगितलं. त्यावर लीड्सच्या बायकांनी रात्रीचेच मोर्चे काढले. माझी भाचीही तिथे काही मजेत लोळत नाही. विद्यार्थी-व्हिसावर सत्रात आठवड्याला वीस तासच काम करता येतं, ते करून ती भाड्याला हातभार लावते. तिला तो दिवस कुणी बहाल केला नव्हता, तिनेच तो काढला. पण काढता आला, कारण काही साध्या गोष्टी तिथे होत्या. गॅलरीला तिकीट नव्हतं. तासाभरात कितीही बस बदलल्या तरी भाडं एकच. बसायला बाक होता, जवळपास स्वच्छतागृह होतं. तिथल्या मे महिन्यात रात्री साडेआठपर्यंत उजेड असतो. आणि बाकावर एकटी बसलेली मुलगी पाहून कुणी 'कुणाची वाट बघतेयस?' असं विचारलं नाही.

यातला उजेड सोडला तर बाकी सगळं माणसांनी केलेलं आहे, म्हणून ते मागता येतं. मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी' ही मोहीम चालली. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांकडून मात्र पैसे, हा अन्याय तिने चव्हाट्यावर आणला. बेस्टचं किमान भाडं २०१९ मध्ये पाच रुपयांवर आलं होतं. मे २०२५ मध्ये ते दहा झालं. माहुलच्या मुलीला जाऊन-येऊन हा फरक लागतो आणि घरात पहिली काट तिच्याच फिरण्याला बसते. रेल्वेचा सवलतीचा विद्यार्थी-पास घराजवळच्या स्टेशनापासून कॉलेजजवळच्या स्टेशनापर्यंतच चालतो. त्याच्या पुढच्या स्टेशनाला जायचं तर तिकीट काढा. आपण घरी मुलींना जो पास देतो तोही तेवढ्याच अंतराचा असतो.

काही कार्यकर्त्या मैत्रिणी म्हणतील, माहुलच्या बाईला आधी श्वास घेता येऊ दे, घर मिळू दे. गेटवेचं काय घेऊन बसलात? मीही हेच म्हणत होते. पण हवा, घर, पाणी यांच्यासाठी लढणाऱ्या आपणच गरीब मुलीच्या आयुष्यातून 'सहज' हा शब्द काढून टाकला, तर तिच्याकडे उरतं काय? तिने एक दिवस खाऱ्या वाऱ्यात उभं राहावं हे तिच्या आरोग्याशी जोडलेलं नाही का? आणि शहर पाहिलेलीच मुलगी शहरावर हक्क सांगेल. जे शहर तिने पाहिलंच नाही, त्यातून तिला कुठेही उचलून टाकलं तरी तिने कशाच्या आधारावर भांडायचं?

२०१५ मध्ये दिल्लीच्या विद्यार्थिनींनी वसतिगृहांच्या कुलूपबंद वेळांविरुद्ध 'पिंजरा तोड' आंदोलन उभारलं. त्यांना अभ्यासिका रात्री हवी होती, आणि रस्ताही हवा होता. या दोन मागण्या वेगळ्या करता येत नाहीत, हे त्या पोरींनी आपल्याआधी ओळखलं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. आपापल्या गटात ज्या मुली शिकताहेत त्यांना या वर्षी परीक्षेच्या आधी, मुद्दाम आधी, एक दिवस मोकळा द्या. बक्षीस म्हणून नको. निकालाची अट नको. 'शैक्षणिक सहल' असं नावही नको, म्हणजे परतल्यावर निबंध लिहावा लागणार नाही. कुठे जायचं ते त्यांना ठरवू द्या. आयांशी आपण आधी बोलू या. जमलं तर आयांनाही नेऊ या, कारण त्यांनीही काही पाहिलेलं नसणार. आणि वर्षाच्या अहवालात या दिवसाला वेगळा मथळा देऊन त्याचा खर्च लिहू या. देणगीदाराने विचारलं तर काय उत्तर द्यायचं ते मिळून ठरवू.

जमलेलं आणि न जमलेलं, दोन्ही आम्हाला कळवा. विशेषतः घरच्यांनी काय आक्षेप घेतले आणि तुम्ही त्यावर काय बोललात, ते नक्की लिहा.

भाचीला मी दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिलं, "कालचं माझं शेवटचं वाक्य मागे घेते. पुन्हा कधी जाशील तेव्हा फोटो पाठव." चेंबूरच्या पुलावर भेटलेल्या मुलीचा नंबर मी त्या दिवशी घेतला होता. तिलाही फोन केला. येत्या रविवारी ती, तिची लेक आणि मी चेंबूरहून सीएसएमटीची गाडी पकडणार आहोत. तिकडे काहीही काम नाही.