तळ्यातील गोगलगाय आणि गुरांचा यकृतकृमी: औषध एका खात्याकडे, पाणी दुसऱ्याकडे

रायपूरच्या बूढापारा भागातील बूढा तालाब, म्हणजेच विवेकानंद सरोवर, सुमारे सहाशे वर्षांपूर्वीचे मानले जाते. गेल्या काही वर्षांत स्मार्ट सिटी योजनेतून त्याच्या काठाचे सुशोभीकरण झाले. छत्तीसगढमधील बहुसंख्य तळी मात्र शोभेची नाहीत. गावोगावच्या ‘निस्तारी’ तलावांवर माणसांचे स्नान, धुणी, गुरांचे पाणी, मासेमारी आणि शिंगाड्याचे पीक हे सारे एकत्र चालते. याच पाण्यात आणि लगतच्या धानाच्या बांध्यांत लिम्निया वर्गातील छोट्या गोगलगाई आढळतात. भंडारा-गोंदिया परिसरातील मामा तलावांची परिस्थिती याहून फारशी निराळी नाही.

मराठवाड्यात २०२२ मध्ये सोयाबीनची रोपे फस्त करणाऱ्या गोगलगाई जमिनीवरच्या होत्या. पाण्यातील ही गोगलगाय पिकाला उपद्रव देत नाही. मात्र तिच्या शरीरात वाढणारा पानाच्या आकाराचा चपटा कृमी गाई-म्हशींचे यकृत पोखरतो.

या कृमीचे नाव फॅसिओला जायगँटिका. पित्तनलिकांत राहणारा प्रौढ कृमी दररोज हजारो अंडी घालतो आणि ती शेणावाटे बाहेर पडतात. शेण पाण्यात मिसळले, तरच पुढचा प्रवास सुरू होतो. उबदार पाण्यात साधारण दोन आठवड्यांत अंड्यातून सूक्ष्म अळी निघते. सुमारे एका दिवसाच्या आत तिला योग्य जातीची गोगलगाय सापडली नाही, तर ती मरते. सापडली, तर एका अळीपासून दीड-दोन महिन्यांत शेकडो शेपटीधारी अळ्या तयार होतात. त्या गवताला किंवा धानाच्या पाण्यात बुडालेल्या देठाला चिकटून स्वतःभोवती कोष विणतात. गाय चरते, आणि कोषातून सुटलेला कृमी आतडे भेदून यकृतात शिरतो. जनावर खंगते, दूध आटते, जबड्याखाली पाणी साचून सूज येते. अनेक घरांत ही सूज दिसेपर्यंत जनावराला दुखणे आहे हेच कोणाच्या ध्यानात येत नाही.

ही साखळी १८८० च्या दशकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये थॉमस आणि जर्मनीत लॉयकार्ट यांनी स्वतंत्रपणे उलगडली. त्यापूर्वी इंग्लंडमध्ये या रोगाने लाखो मेंढ्या दगावल्या होत्या. म्हणजे रोग कसा होतो, हे कळून जवळपास दीड शतक लोटले आहे. अडचण अज्ञानाची नाही.

माणसालाही हा कृमी होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार ७० हून अधिक देशांत किमान २४ लाख लोकांना त्याची लागण आहे. भारतातील नोंदी तुरळक आहेत. ताप, पोटदुखी आणि रक्तातील विशिष्ट पांढऱ्या पेशींची वाढ ही लक्षणे इतर अनेक रोगांतही दिसतात, हे त्यामागचे एक कारण असावे. थायलंडमध्ये याच गटातील वेगळा कृमी कच्च्या माशांतून माणसात येतो आणि पित्तनलिकेच्या कर्करोगाला कारणीभूत ठरतो. आपल्याकडे गोगलगायी शिजवून खाणाऱ्यांनी मात्र घाबरण्याचे कारण नाही. गुरांचा हा कृमी त्या वाटेने येत नाही. सावधगिरी हवी ती पाणवनस्पती कच्च्या खाताना. शिंगाड्याची साल दातांनी सोलण्याची सवय आतड्यातील एका मोठ्या चपट्या कृमीला निमंत्रण देते, आणि त्याचाही मधला यजमान गोगलगायच आहे.

महाराष्ट्राला हा धडा नवा नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी या गावी लघवीतून रक्त जाण्याच्या तक्रारींमागे शिस्टोसोमा हा रक्तकृमी असल्याचे १९५२ मध्ये गाडगीळ आणि शहा यांनी प्रसिद्ध केले. भारतात अपवादात्मक ठरलेल्या या रोगाचा मधला यजमान म्हणून फेरिसिया टेन्युइस या टोपीच्या आकाराच्या इवल्याशा गोगलगायीकडे बोट दाखवण्यात आले. पुढील दशकांत तेथील लागण ओसरत गेली. रुग्णाबरोबर गावातले पाणीही तपासले गेले, ही त्या शोधाची खरी कमाई होती.

गुरांच्या बाबतीत नेमके हेच होत नाही. ट्रायक्लाबेन्डाझोल हे औषध कोवळ्या आणि प्रौढ अशा दोन्ही कृमींवर चालते. ऑक्सिक्लोझानाइड मुख्यतः प्रौढ कृमींवर. परंतु औषध पाजलेली गाय दुसऱ्याच दिवशी त्याच काठावर चरायला जाते. पशुसंवर्धन खाते औषध देते, तलावाचा मासेमारीचा ठेका निराळ्या व्यवस्थेतून जातो, काठ ग्रामपंचायतीचा आणि माणसाचे दुखणे आरोग्य खात्याचे. गोगलगाय कोणाचीच नाही. मोरचुदाने ती मरते, पण मासेही मरतात. ठेकेदार ते का मान्य करील?

नागपूर येथे ‘राष्ट्रीय एक आरोग्य संस्थे’ची पायाभरणी डिसेंबर २०२२ मध्ये झाली. माणूस, पशू आणि पर्यावरण यांचे आरोग्य एकत्र पाहणे हा तिचा हेतू. विदर्भ आणि छत्तीसगढमधील धानाच्या पट्ट्यासाठी अशा दृष्टीची पहिली कसोटी तलावाचा काठ हीच असायला हवी.

करण्याजोग्या गोष्टी खर्चिक नाहीत. शेण खड्ड्यात नीट कुजवले, तर त्या उष्णतेने अंडी नष्ट होतात. कापणीनंतर धानाचा पाण्याजवळचा ओला बुडखा गुरांपुढे न टाकता वरचा भाग कडक उन्हात वाळवून द्यावा. फेब्रुवारीपासून पाणी ओसरते, तेव्हा उघड्या पडलेल्या काठावर हिरवे गवत उगवते. इतरत्र चारा वाळलेला असताना गुरे तिकडेच धावतात, आणि बहुतेक कोष तिथेच असतात. तेवढे तीन महिने पाणी हौदात आणि चरणे काठापासून दूर, एवढी व्यवस्था ग्रामसभेच्या एका ठरावाने होऊ शकते.