सर्व्हर हलवा, पण पेरणीच्या तोंडावर नको!

डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा राज्यात १ मे २०१८पासून ऑनलाइन मिळतो. तो मिळाला नाही, तर अमरावती-अकोल्यातल्या शेतकऱ्याचे पीककर्ज अडते. अशी प्रणाली नव्या सर्व्हरवर नेताना फाइल कॉपी करून भागत नाही. कॉपीनंतर जुन्या डेटाबेसमध्ये झालेला फेरफार नव्यात येतच नाही. म्हणून आधी नोंदी थांबवा, मग अंतिम प्रत घ्या, दोन्हीकडची नोंदसंख्या जुळवा. बॅकअपही प्रत्यक्ष उघडून तपासा. २०१७मध्ये गिटलॅबच्या बॅकअपच्या पाचही पद्धती ऐनवेळी निकामी निघाल्या. हाताने घेतलेली सहा तासांपूर्वीची प्रत होती, म्हणून निभावले. आणि मुहूर्त? तो तंत्रज्ञांच्या सोयीने नव्हे, पीककर्जाची रांग ओसरल्यावरच काढावा.