कॅन्सरच्या गोळ्यांसोबत दुसरी औषधं घेताय? धोका नेमका कुठे असतो?

पुणे-अहिल्यानगर महामार्गावरच्या सुप्यात राहणाऱ्या एखाद्या कॅन्सर रुग्णाचा विचार करा. केमो पुण्यात. बीपी-शुगरचे डॉक्टर अहिल्यानगरला. ताप आला की गावातला दवाखाना आणि अंग दुखलं की थेट मेडिकल. चार ठिकाणची औषधं एकाच पोटात जातात, पण चारही चिठ्ठ्या एकत्र कुणीच पाहिलेल्या नसतात.

कॅन्सरतज्ज्ञ स्वतः दोन-तीन औषधं एकत्र देतात, तेव्हा ती जोडी आधी चाचण्यांमध्ये तपासलेली असते. खरी काळजी न तपासलेल्या जोड्यांची आहे.

जपानमध्ये काय घडलं होतं?

१९९३ साली जपानमध्ये नागिणीवरचं 'सोरिवुडीन' हे नवं औषध बाजारात आलं. त्यानंतर काही आठवड्यांतच १५ रुग्णांचा मृत्यू झाला. हे रुग्ण '५-एफयू' गटातली कॅन्सरची औषधंही घेत होते. शरीरातलं एक एन्झाइम ५-एफयूचा निचरा करतं. सोरिवुडीनमुळे ते एन्झाइमच बंद पडलं आणि नेहमीचा डोस विषासारखा ठरला.

त्या काळी जपानमध्ये कॅन्सरचं निदान रुग्णापासून लपवण्याची पद्धत सर्रास होती. आपल्याला कॅन्सर आहे हेच माहीत नसलेला रुग्ण नागिणीच्या डॉक्टरांना काय सांगणार?

आपल्याकडेही 'पेशंटला सांगू नका' असं म्हणणारी घरं कमी नाहीत. हेतू मायेचा असतो, पण अशा वेळी दुसऱ्या डॉक्टरांपर्यंत अर्धीच माहिती पोहोचते.

कोणत्या जोड्यांबाबत सावध राहायचं?

- कॅपेसिटाबिन आणि वॉरफरिन : कॅपेसिटाबिनचं शरीरात ५-एफयूच होतं. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनसोबत गंभीर रक्तस्राव होऊ शकतो.
- मेथोट्रेक्सेट आणि वेदनाशामक : आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्यांमुळे, विशेषतः मोठ्या डोसमध्ये, मेथोट्रेक्सेट शरीरात साचू शकतं.
- एर्लोटिनिब आणि अ‍ॅसिडिटीची गोळी : पोटातलं आम्ल कमी झालं की फुप्फुसाच्या कॅन्सरवरची ही गोळी नीट शोषली जात नाही.
- टॅमॉक्सिफेन आणि पॅरॉक्सेटिन : नैराश्यावरच्या या गोळीमुळे स्तनाच्या कॅन्सरवरच्या औषधाचा प्रभाव घटू शकतो.
- इमॅटिनिब आणि रिफाम्पिसिन : टीबीच्या या औषधामुळे रक्ताच्या कॅन्सरवरच्या इमॅटिनिबचं रक्तातलं प्रमाण घसरतं.

शेवटच्या तीन जोड्यांमध्ये त्रास लगेच जाणवेलच असं नाही. रुग्ण वेळेवर गोळ्या घेत राहतो, पण औषध हवं तितकं काम करत नाही.

मग करायचं काय?

सगळ्या औषधांची एकच यादी करा : नाव, डोस, कुणी दिलं, कधीपासून. काढे, आयुर्वेदिक औषधं आणि टॉनिकही त्यात लिहा. यादीचा फोटो रुग्णाच्या आणि घरातल्या आणखी एकाच्या मोबाइलमध्ये ठेवा. दातांच्या दवाखान्यातही 'कॅन्सरचे उपचार सुरू आहेत' हे पहिलं वाक्य असू द्या. नवी गोळी सुरू करण्याआधी केमोच्या डॉक्टरांना फोन करा.

हे वाचून एखादी गोळी परस्पर बंद मात्र करू नका. बहुतेक वेळा डोस किंवा वेळ बदलून, नाहीतर पर्यायी औषध देऊन डॉक्टर मार्ग काढतात.

औषधाचा दुष्परिणाम झाल्यास आधी डॉक्टरांना गाठा. त्याची नोंद केंद्र सरकारच्या औषध दक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या टोल फ्री क्रमांकावर सामान्य नागरिकही करू शकतात.