घर दुरुस्तीला कधी काढावे?

दिवाळी तोंडावर आली की भिंतीवरचे पोपडे डोळ्यांत खुपू लागतात. मग घाईघाईने रंगारी बोलावला जातो. चार दिवसांत भिंती चकचकीत होतात आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच जागी पुन्हा ओल उमटते. रंगाचे पैसे पाण्यात!

तामिळनाडूतील कुंभकोणम या देवळांच्या गावात दुरुस्तीची एक जुनी शिस्त आहे. तेथील देवळांत साधारण बारा वर्षांनी कुंभाभिषेक करण्याची प्रथा आहे. त्याआधी गळती, भेगा, रंग अशी सारी डागडुजी होते. गाभाऱ्यात काम निघाले की 'बालालय' नावाच्या तात्पुरत्या जागी देवाची स्थापना करतात आणि पूजा तेथे चालू राहते. गृहिणींनी नेमके हेच उचलावे. गवंडी दारात येण्याआधी गॅस कुठे मांडायचा, आजींची खाट कुठे हलवायची, मुलांनी अभ्यास कुठे करायचा, हे ठरलेले असावे. नाहीतर महिनाभर सिमेंटच्या धुळीत पोळ्या लाटायची वेळ येते आणि घरातली भांडणे वेगळीच!

मुहूर्त मात्र पंचांगाइतकाच पावसालाही विचारावा. कुंभकोणमला मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर पडतो, तेव्हा छपराचे काम सप्टेंबरअखेर उरकलेले बरे. आपल्याकडे हीच मुदत मेअखेरची. आधी छप्पर किंवा गच्ची, मग नळ, मोऱ्या आणि वायरिंग, त्यानंतर गिलावा व फरशी, रंग सर्वांत शेवटी. हा क्रम उलटला की नवी फरशी पुन्हा फोडावी लागते. जुन्या चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा करू नये. आतली ओल कोंडते आणि गिलावा सुटून येतो. तिथे चुनाच हवा, जाणता कारागीर शोधावा लागला तरी चालेल.

काय पाडायचे याचाही विचार हवा. कुंभकोणमच्या सारंगपाणी सन्निधी रस्त्यावर गणितज्ञ श्रीनिवास रामानुजन यांचे घर आहे. पुढे ओटा (तिकडे त्याला तिण्णै म्हणतात), रस्त्याकडे खिडकी असलेली लहानशी खोली, मागे स्वयंपाकघर, एवढाच पसारा. याच ओट्यावर बसून ते पाटीवर गणिते सोडवीत. 'सास्त्रा' विद्यापीठाने हे घर घेतले आणि २००३ साली तेथे संग्रहालय झाले. आपल्या घरात कोणी रामानुजन नसेलही, पण ओट्यावर संध्याकाळी टेकणारे आजोबा असतातच. तो पाडून खोली वाढवायची, तर ते कुठे बसणार?

हातात पैसे बेताचे असतील, तर नव्या पद्धतीचे स्वयंपाकघर वर्षभर थांबू शकते. गळका नळ, उघडी वायर आणि न्हाणीघरातली गुळगुळीत फरशी थांबू शकत नाही. सासूबाई एकदा घसरल्या की दुरुस्तीसाठी साठवलेले पैसे दवाखान्यात जातात. अंदाजपत्रकापेक्षा दहा-पंधरा टक्के रक्कम वेगळी ठेवावी आणि कंत्राटदाराला सगळे पैसे आगाऊ देऊ नयेत. शेवटचा हप्ता एक मोठा पाऊस होऊन गेल्यावर, छत कोरडे पाहूनच द्यायचा, असे आधीच लिहून घ्यावे.