‘मत’ की ‘संमती’? अनुच्छेद ३ आणि महाराष्ट्राने विसरलेला धडा

(धागा)

१/ १ मे जवळ आला की दोन विधाने हमखास वाचायला मिळतात. पहिले : ‘दिल्लीने मुंबई दिली.’ दुसरे : ‘दिल्लीला मुंबई द्यावीच लागली.’ पहिल्यात कृतज्ञता आहे, दुसऱ्यात अभिमान. मात्र मुंबई देणे किंवा न देणे हे दिल्लीच्या हाती मुळात आले कसे, हा प्रश्न दोन्ही बाजू विचारत नाहीत. त्याचे उत्तर संविधानाच्या तिसऱ्या अनुच्छेदात आहे.

२/ लिखित संविधान संघराज्याला आकार देते ते उद्देशिकेतील उदात्त शब्दांनी कमी आणि कार्यपद्धतीच्या कोरड्या वाक्यांनी अधिक. कोणी कोणाला विचारायचे, किती मुदतीत विचारायचे आणि उत्तर ‘नाही’ असे आले तर पुढे काय करायचे, हे ज्या वाक्यांत लिहिलेले असते, तिथेच राज्याचे खरे स्थान ठरते.

३/ प्रथम एक लाडका गैरसमज दूर केला पाहिजे. ‘संविधानात फेडरल हा शब्दच नाही, म्हणजे राज्ये ही केंद्राची मोठी जिल्हा कार्यालयेच’, असे ठासून सांगितले जाते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी या प्रश्नाचा निकाल लावला होता. त्यांच्या मते संघराज्याचे मर्म नावात नसते. केंद्र व राज्ये यांच्यातील अधिकारांची वाटणी केंद्राच्या कायद्याने नव्हे, तर खुद्द संविधानाने केलेली असण्यात असते.

४/ ही वाटणी सातव्या अनुसूचीत आहे. मूळ संविधानात संघसूचीत ९७, राज्यसूचीत ६६ आणि समवर्ती सूचीत ४७ विषय होते. पोलीस, शेती, जमीन हे विषय राज्यांचे. या सूच्यांना हात लावायचा तर अनुच्छेद ३६८ नुसार संसदेच्या विशेष बहुमताबरोबर किमान निम्म्या राज्यांच्या विधानमंडळांचे अनुसमर्थन लागते. वस्तू व सेवा करासाठीची २०१६ ची घटनादुरुस्ती याच वाटेने गेली.

५/ आता अनुच्छेद ३ पाहावा. नवे राज्य निर्माण करणे, राज्याचे क्षेत्र कमी करणे, सीमा बदलणे, नाव बदलणे हे सारे संसद साध्या बहुमताने करू शकते. अनुच्छेद ४ तर स्पष्टच सांगतो की असा कायदा ३६८ च्या अर्थाने घटनादुरुस्ती मानला जाणार नाही. राज्यसूचीतील एक विषय हलवायला निम्म्या देशाची मान्यता लागते. अखंड राज्य दुभंगायला लागत नाही. तिजोरीला भक्कम कुलूप आणि घराला कडीही नाही, असा हा प्रकार आहे.

६/ हे अनवधानाने घडले नाही. अमेरिकेत आधी अस्तित्वात असलेल्या राज्यांनी संघ घडवला; म्हणून १७८७ च्या त्यांच्या संविधानात एखाद्या राज्याच्या भूमीतून नवे राज्य काढण्यासाठी त्या राज्याच्या विधानमंडळाची संमती आवश्यक ठरली. भारतात प्रांतांच्या सीमा ब्रिटिशांच्या लढाया, तह आणि प्रशासकीय सोय यांतून आखल्या गेल्या होत्या. त्यांत पाचशेहून अधिक संस्थानांची भर पडली. हा नकाशा गोठवून ठेवणे शहाणपणाचे नव्हते.

७/ तरीही ‘घटनाकारांना मत आणि संमती यांतला फरक महत्त्वाचा वाटला नाही’, असे कोणी म्हणू नये. १९४८ च्या मसुद्यात प्रांतांसाठी ‘मत’ आणि संस्थानी राज्यांसाठी ‘पूर्वसंमती’ असे दोन वेगळे शब्द होते. १९५० पर्यंत संस्थानी राज्येही ‘मता’च्या रांगेत आली. शब्द विचारपूर्वक निवडला गेला होता आणि तो दुबळा होता.

८/ पुढे तो आणखी दुबळा झाला. मूळ तरतुदीनुसार विधेयक मांडण्यापूर्वी राष्ट्रपतींनी राज्य विधानमंडळाचे मत जाणून घेणे आवश्यक होते. डिसेंबर १९५५ च्या पाचव्या घटनादुरुस्तीने ते बदलले. राष्ट्रपती मुदत ठरवून विधेयक पाठवणार. मुदत संपली की पुढचा मार्ग मोकळा, मत आलेले असो वा नसो. राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल नुकताच आला होता, ही वेळ ध्यानात घ्यावी.

९/ एप्रिल १९५६ मध्ये राज्य पुनर्रचना विधेयक लोकसभेत मांडले गेले. त्यात तीन घटक होते : महाराष्ट्र, गुजरात आणि केंद्रशासित मुंबई. याच त्रिभाजनावर मुंबई राज्याच्या विधानमंडळाचे मत घेतले गेले होते. मुंबई वेगळी काढण्याच्या निषेधार्थ केंद्रीय अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख मंत्रिमंडळातून बाहेर पडले. ऑगस्टमध्ये संसदेने योजनाच फिरवली : विदर्भ, मराठवाडा, सौराष्ट्र, कच्छ यांसह एकच विशाल द्विभाषिक. या नव्या योजनेवर विधानमंडळाला पुन्हा विचारलेच गेले नाही.

१०/ प्रकरण न्यायालयात गेले. ‘बाबूलाल पराते विरुद्ध मुंबई राज्य’ या १९५९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की एकदा मत मागवले की अट पूर्ण झाली. पुढे संसदेत विषयाशी सुसंगत दुरुस्त्या झाल्या तरी पुन्हा विचारण्याची गरज नाही. तीन घटकांच्या योजनेवर मत मागायचे आणि एका राज्याची योजना संमत करायची, हे घटनेच्या अक्षरात बसते, असा याचा अर्थ. हा निकाल आजही आधार म्हणून वापरला जातो.

११/ मग १ मे १९६० रोजी जिंकले कोण? संविधानाने मराठी जनतेला कोणतेही शस्त्र दिलेले नव्हते. शस्त्र होते ते मतपेटीचे. १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसचा गड खिळखिळा केला. महाराष्ट्र ज्यांना १०६ हुतात्मे म्हणून स्मरतो, त्यांचे रक्त त्याआधीच सांडले होते. १९६० चा पुनर्रचना कायदा त्याच अनुच्छेद ३ खाली झाला, ज्याच्या खाली १९५६ चे द्विभाषिक लादले गेले होते. निकाल बदलला, अधिकार कोणाचा, हे बदलले नाही.

१२/ यावरचा सर्वांत सबळ आक्षेप असा : संमती सक्तीची असती, तर महाराष्ट्र झाला असता का? आंध्र प्रदेश विधानसभेने जानेवारी २०१४ मध्ये विभाजनाचे विधेयक फेटाळले होते. तरी तेलंगणा झाला. अमेरिकेत १८६३ च्या वेस्ट व्हर्जिनियानंतर एकाही राज्यातून दुसरे राज्य निघालेले नाही. संमतीची अट अल्पसंख्य प्रदेशाला बहुसंख्य प्रदेशाच्या ताब्यात कायमचे अडकवू शकते. हा आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच नकाराधिकाराची मागणी चुकीची आहे.

१३/ पण नकाराधिकार आणि टपाली औपचारिकता यांच्यामध्ये बरीच मोकळी जागा आहे. ती भरता येते, याचा पुरावा शेजारीच आहे. गोवा तेव्हा केंद्रशासित प्रदेश होता. त्याला महाराष्ट्रात विलीन करण्यासाठी जनतेला विचारणे घटनेने बंधनकारक नव्हते. तरीही संसदेने खास कायदा केला आणि १६ जानेवारी १९६७ रोजी गोवेकरांना थेट विचारले. बहुमताने विलीनीकरण नाकारले. महाराष्ट्रातील अनेकांना ते झोंबले. पण प्रश्न खऱ्या अर्थाने विचारला गेला होता, म्हणून उत्तर टिकले.

१४/ उलट उदाहरण २०१९ चे. जम्मू-काश्मीरच्या बाबतीत १९५४ पासून ‘संमती’ हाच शब्द लागू होता. ऑगस्ट २०१९ मध्ये ती तरतूद गेली. विधानसभा आधीच विसर्जित होती, राष्ट्रपती राजवट होती. त्यामुळे राज्य विधानमंडळाचे मत संसदेनेच व्यक्त केले. विचारणारा आणि उत्तर देणारा एकच. अनुच्छेद ३७० विषयी कोणाचे मत काहीही असो, ही पद्धत उद्या कोणत्याही राज्याला लागू करता येईल का, हा प्रश्न महाराष्ट्रालाही पडला पाहिजे.

१५/ ‘कागदाला काय अर्थ, सारे राजकारणच ठरवते’, असे म्हणणाऱ्यांनी अनुच्छेद ३५६ चा इतिहास वाचावा. १९७७ मध्ये जनता सरकारने नऊ राज्यांतील काँग्रेस सरकारे घालवली. १९८० मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारने तेवढ्याच राज्यांत परतफेड केली, त्यात महाराष्ट्रही होता. १९९४ च्या बोम्मई निकालाने संघराज्य हा मूलभूत संरचनेचा भाग ठरवला, बहुमताची कसोटी राजभवनातून सभागृहात आणली आणि बरखास्तीला न्यायालयीन तपासणीच्या कक्षेत घेतले. त्यानंतर सरकारे बरखास्त करणे पूर्वीइतके सोपे राहिले नाही.

१६/ अनुच्छेद ३ ला मात्र त्याचा बोम्मई अद्याप मिळालेला नाही. डिसेंबर २०२३ च्या निकालातही, संपूर्ण राज्याचे केंद्रशासित प्रदेशात रूपांतर करता येते का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने खुला ठेवला.

१७/ मागणी म्हणून दोनच गोष्टी पुरेत. एक : विधेयकाचे स्वरूप मुळातून बदलले, तर ते विधानमंडळाकडे पुन्हा गेले पाहिजे. दोन : विधानमंडळ अस्तित्वात नसताना राज्याच्या सीमेला वा दर्जाला हात लावणारे विधेयक मांडता कामा नये. यातून संसदेचा अंतिम अधिकार जात नाही. फक्त ‘विचारणे’ या क्रियापदाला त्याचा अर्थ परत मिळतो.

१८/ १९५६ मध्ये ही पहिली अट असती, तर द्विभाषिकाच्या योजनेवर मुंबईच्या विधानमंडळात उघड चर्चा आणि मतदान झाले असते. निकाल कदाचित तोच लागला असता. त्या सभागृहात काँग्रेसचेच बहुमत होते. पण प्रत्येक आमदाराला आपले मत नोंदवावे लागले असते, आणि १९५७ च्या मतदारासमोर ती नोंद असती. महाराष्ट्र दिनाच्या भाषणांत मुंबई कोणी दिली यावर वाद घालणाऱ्यांनी, ज्या वाक्याने ती देता-न देता आली ते वाक्य तसेच का राहू दिले, याचेही उत्तर द्यावे.

(समाप्त)